दुसरं बिऱ्हाड

“पत्ता चुकला का, डॉक्टर?” स्कॅनच्या पडद्याकडे बघत दिगंबरकाकांनी विचारलं. छत्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस.

सुईतून दिलेल्या औषधाचे अतिसूक्ष्म कण पडद्यावर चमकत होते. त्यांना जोडलेला अ‍ॅप्टॅमर नावाचा रेणू फक्त कर्करोगाची पेशी ओळखतो आणि औषध तिच्याच दारात टाकतो, असं डॉक्टर शर्वरीने त्यांना समजावलं होतं. यकृतातली गाठ उजळली होती. पण फुफ्फुसातही तसाच एक ठिपका होता. जुन्या स्कॅनमध्ये तिथे काहीच नव्हतं.

शर्वरीने मात्रा तपासली, यंत्र तपासलं. देवा, चूकच निघू दे. चूक सापडेना.

काकांनी चष्मा पुसला. “पोस्टमन चुकला नाही, पोरी. त्याच नावाचं दुसरं बिऱ्हाड तिथे राहायला आलंय.”