केस तूच विंचर

तेसोबने पाइनच्या झाडामागे कोट-पँट उतरवली आणि पांढरा अंगरखा चढवला. कातरलेल्या डोक्यावर खोटा बुचडा बसवला, कपाळपट्टी आवळली, वर घोड्याच्या केसांची काळी टोपी. आठ वर्षं गावी येताना हेच. त्याला आता या सगळ्याचा वीट आला होता.

"टोपी वाकडी झालीय," न्यायला आलेली बायको ओकबुन म्हणाली. "मामंजी म्हातारे झालेत, आंधळे नाही."

"सोंग काय मी हौसेनं आणतोय?"

"चला लवकर. दोन दिवस पेजसुद्धा घेतली नाही त्यांनी."

आठ वर्षांपूर्वी पुरुषांनी बुचडे कापायचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा तेसोबच्या वडिलांनी, क्वोन गुरुजींनी, भर अंगणात बजावलं होतं, "आईबापांनी दिलेले केस ज्यानं कापले, त्यानं माझ्या प्रेताला हात लावायचा नाही." त्याच आठवड्यात तेगू शहराच्या वेशीवर शिपायांनी तेसोबला धरून न्हाव्यापुढे बसवलं. कापलेला बुचडा, आईने लग्नात दिलेल्या पोवळ्याच्या काट्यासकट, तिथेच टाकून तो रडत पळाला. पुढे तेगूतच टपाल कचेरीत चिकटला.

गुरुजी दुसऱ्याच दिवशी त्याला आणायला गेले होते, पण न भेटताच परतले. "वेशीवर गर्दी फार होती," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते सुनेला केस विंचरू देईनात. तिची कात्रीही त्यांनी आपल्या खोलीत ठेवून घेतली, कागद कापायला. म्हातारा पहिल्यापासून हट्टी, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

"आलास?" गुरुजींनी पडल्या पडल्या विचारलं. घरातली टोपी आजारपणातही डोक्यावर होती. "मी गेल्यावर माझे केस तूच विंचर. दुसरं कुणी नको."

तेसोबला रडू फुटलं. सगळं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. "बाबा, मी..."

"टोपी नीट घाल. वाकडी आहे," म्हणून गुरुजींनी डोळे मिटले. दुपारी ते गेले.

ओकबुनने पाला उकळलेलं सुवासिक पाणी आणि फणी आणून ठेवली. गळलेले केस शवपेटीत ठेवायची पिशवीही शिवून तयार होती. तेसोबचा हात पुढे होईना. बापाचा शब्द मोडून बापाला शिवायचं कसं?

"शेवटचं मागणं होतं त्यांचं," ती दाराआडून म्हणाली.

त्याने आधी स्वतःची टोपी आणि खोटा बुचडा उतरवून बाजूला ठेवला. मग वडिलांची टोपी काढली, कपाळपट्टी सोडली. पट्टीबरोबर बुचडाही अलगद हातात आला. गुरुजींच्या डोक्यावर नुकतेच कातरलेले पांढरे खुंट होते.

हातातला बुचडा काळाभोर होता, आणि त्यात आईचा पोवळ्याचा काटा खोचलेला होता.