आइनोबाईंचे मौन

फिनलंडच्या कलावती आइनोबाई आमच्या कलामंडळाच्या सभागृहात साडी नेसून, मौन धारण करून खुर्चीवर विराजमान होत्या. समोरच्या रिकाम्या खुर्चीत कोणीही बसून त्यांस न्याहाळावे, हीच त्यांची कलाकृती. घंटा होईपर्यंत मौन टिकले, तरच कलाविनिमयाच्या नियमानुसार मजला फिनलंडास पाचारण होणार होते.

इतक्यात देवळातून परतणारी माझी द्वारकाआत्या आत आली. आपल्या अविवाहित भाच्यासाठी स्थळ आले, असे समजून ती थेट समोर बसली.

"स्वयंपाक येतो ना गं?"

मौन.

"आत्या, हे प्रदर्शन आहे!" मी कुजबुजलो.

"आमचंही असंच मांडलं होतं रे! उलट उत्तर नाही, चुळबुळ नाही. रंगनाथा, मला मुलगी पसंत!" असे म्हणून तिने प्रसादाचा नारळ बाईंच्या ओटीत घातला.

तेवढ्यात घंटा झाली. येथील मुक्कामात मराठी शिकलेल्या आइनोबाईंनी नारळ सावरून आत्यास विचारले,

"मुलाला येतो स्वयंपाक?"

दोघीही माझ्याकडे पाहू लागल्या.

अशा रीतीने कलाविनिमय संपन्न झाला. मौन आता माझ्याकडे आले होते.