सुरंगी येऊ नये म्हणून

नवऱ्याला, दत्तारामला, व्हेंटिलेटर लावला तेव्हा सिस्टर ग्रेसीने नलिनीला नेहमीचा प्रश्न विचारला, "काकू, कोणता वास तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल? नळीच्या अस्तरातल्या जिवाणूंना तोच शिकवतो आम्ही. छातीत संसर्ग सुरू झाला की ताप यायच्या आधी नळीला तो वास सुटतो. आला की लगेच बेल दाबायची."

"सुरंगी," नलिनी बोलून गेली. दर चैत्रात तो न चुकता तिच्यासाठी सुरंगीचा गजरा आणायचा. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने शहाणपणाने रॉकेल सांगितलं होतं.

तेव्हापासून नलिनी दत्तारामच्या उशाशी बसून, सुरंगी येऊ नये म्हणून देवाला विनवत होती.

दुपारी तिचा डोळा लागला. यंत्र संथपणे श्वास भरत होतं, सोडत होतं. त्या लयीत हळूहळू घरचं अंगण उजळलं. दत्ताराम फाटकातून आला, तिच्या मागे उभा राहिला. गजरा माळताना त्याची बोटं मानेला लागली आणि वास दाटून आला. डोळे उघडूच नयेत, असंच उभं राहावं, असं तिला वाटलं.

तिने डोळे उघडले. वास तसाच होता. रडतरडत तिने बेल दाबली. "सिस्टर, आली हो सुरंगी!"

नळी बदलली, औषध वेळेत गेलं. वास विरला.

पुढच्या चैत्रात तो खरोखरच गजरा घेऊन दारात उभा राहिला. नलिनीने गजऱ्याला हातही लावला नाही; आधी त्याच्या छातीला कान लावला.