आप्पांच्या बाह्या

रेवतीने आप्पांच्या यांत्रिक बाह्या दंडावर चढवल्या आणि गोल्फच्या चेंडूसमोर उभी राहिली. वडील जाऊन वर्ष झालं होतं, पण त्यांच्या हातांची चाल या बाह्यांत भरलेली होती. घालणाऱ्याचे हात त्या तशाच चालवत.

"क्लब खाली आणताना हात ओढायचे नाहीत," आप्पा शिकवायचे. "आधी कंबर वळते, हात मागून नुसते पडतात."

फटका झाला की मात्र ते क्लब उजवीकडे धरत. तिथे तो पुसायला फडकं घेऊन लहानगी रेवती उभी असायची. बाह्याही तसंच करत. पण चेंडू उजवीकडे भरकटू लागला, म्हणून तिने त्या दुरुस्तीला दिल्या होत्या.

आज चेंडू सरळ गेला. हात खांद्यापाशी थांबले ते थांबलेच.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"शेवटी एक फालतू हालचाल होती, ताई. तिच्या घाईपायी हात आधीच ओढले जायचे. पुसून टाकली."

"परत भरता येईल?"

"त्याला मूळ माणूस लागतो."

रेवतीने बाह्या उतरवल्या. मग स्वतःच्या हाताने क्लब उजवीकडे धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.