तिसरं पान

स्मृतिकेंद्राच्या पडद्यावर इंदुमतीकाकूंच्या आठवणींचा ढीग दिसत होता. वास, आवाज, चेहरे, सगळं एकात एक मिसळलेलं.

"पुसत काहीच नाही," तंत्रज्ञ निखत म्हणाली. "ढिगावर फक्त एक व्ह्यू, म्हणजे निवडक तेवढंच दाखवणारी खिडकी, बसवते. त्यातून तुमचे यजमान सोडून बाकी सगळं दिसेल."

"बसव बाई. ते गेले, तरी रोज जेवायला तीन पानं घेतली जातात माझ्याकडून."

"तीन? घरात दोघंच होतात ना?"

"हाताची सवय गं. कशी लागली, कुणास ठाऊक."

निखतने बटण दाबलं आणि ती थिजली. "काकू, इथे आधीचाच एक व्ह्यू आहे. सही तुमची, साक्षीदार यजमान."

"काय लपवलंय त्यात?"

"तुमची मुलगी."

काकू ताडकन उठल्या. "कोण मुलगी?"