शेवटचं घमेलं

नगरहून आम्ही चर्चची दहा-बारा माणसं चांदूर बाजारजवळच्या गावात अंगणवाडीची खोली बांधायला आलो, तेव्हा शेजारच्या पार्वताबाईंनी फटकारलं, “तुमी गाणे म्हणसान अन् निंगून जासान!” मला झोंबलंच. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गल्लीत शिरेना. मुरमाचा ढीग रस्त्यावरच पडला. उद्या फरशीवाला यायच्या आत तो खोलीत भरायचा होता. आम्ही रांग लावली, पण माणसं पुरेनात. घमेलं घेऊन पळावं लागे. हात गळाले, तेवढ्यात समोरून आवाज आला, “आन इकडे, काय पाहून राह्यली?” पार्वताबाई! त्यांच्या हाकेसरशी गल्लीच रांगेत उतरली. गाणी आमची, मस्करी त्यांची. मावळतीला ढीग संपला, तरी घमेलं आलंच. त्यात पार्वताबाईंची लहानगी नात! “पक्कं धरजा,” त्यांनी रांगेला दटावलं. हातोहात पोरगी खोलीत पोचली आणि ओरडली, “अजून!” कंबर मोडलेल्या रांगेनं पुन्हा हात पुढे केले.