सात पाकिटं

मिरांदोला गावातल्या एका कारखान्यात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेला लागणाऱ्या नळ्या निर्जंतुक पाकिटांत बंद व्हायच्या. प्रत्येक पाकीट दिव्यासमोर धरून त्याचं सील डोळ्यांनी तपासायचं, हे ओर्नेलाचं काम. महिनाभर तिला चैन नव्हतं. सीलची पट्टी मधूनच धूसर दिसायची, आणि हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तशातच एक दिवस तिच्या वरिष्ठ बाईने, चिंत्सियाने, परीक्षा घेतली. कच्च्या सीलची सात पाकिटं तिने सकाळच्या मालात गुपचूप मिसळली.

“एक जरी सुटलं, तरी तुझ्या खुर्चीवर कॅमेरा बसवीन.”

“बसव. मग दुपारची कॉफी त्याच्याबरोबरच पी,” ओर्नेला म्हणाली खरी, पण पहिलंच पाकीट तिने दिव्यासमोर दोनदा धरलं.

दुपारपर्यंत तिने सात पाकिटं बाजूला काढली. आकडा ऐकताच चिंत्सियाने माल ट्रकमध्ये भरायला सांगितला.

“मानलं बाई तुला. घारीची नजर आहे.”

ओर्नेला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

ट्रक जाऊन तास झाला असेल. चिंत्सिया ती सातही पाकिटं फाडून, आतल्या नळ्या हातात घेऊन तिच्यापुढे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“ओर्नेला, मी मिसळलेल्या प्रत्येक नळीवर निळा ठिपका दिला होता.”



“इथे सहाच ठिपके आहेत.”